डावीकडेच वळा : भोर–वरंधा–आंबेनळी–पसरणी–मांढरदेव फेरीचं परीक्षण

चार घाट, चार खोरी आणि दोनशेच्या आसपास किलोमीटर. भोरमधून निघायचं, नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने वरंधा गाठायचा, तिथून कोकणात उतरून पोलादपूर, मग आंबेनळीने थेट महाबळेश्वर, पाचगणीवरून पसरणी घाटाने वाई, आणि शेवटी मांढरदेव ओलांडून परत भोर. एकूण चढ २५०० ते ३००० मीटरच्या मध्ये कुठेतरी येतो. नेमका आकडा यंत्रागणिक बदलतो, कारण नीरा-देवघरच्या काठचे बारके चढउतार प्रत्येक सायकल-कॉम्प्युटर आपापल्या मर्जीने मोजतो. त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही, पाय काय ते बरोबर मोजतात.

रोड बाइकवर एका दिवसात करायची फेरी म्हणून ही पहिल्या दर्जाची आहे. तिची खरी परीक्षा मात्र घाटांच्या उंचीत नाही, ती कोकणातल्या उन्हात आहे. कुठून निघता, कोणत्या दिशेने जाता आणि पोलादपूर किती वाजता सोडता, या तीन गोष्टी जमल्या की फेरी कठीण पण प्रामाणिक वाटते. चुकल्या तर तीच फेरी नुसती शिक्षा.

दिशा

नकाशा उघडला की पहिला सुचणारा बेत असा : वाईहून निघावं, ताज्या पायांनी पसरणी चढावी, महाबळेश्वरला नाश्ता करावा, आंबेनळी मजेत उतरावी आणि मग वरंधा चढून भोरमार्गे परत यावं. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात माणूस अकरा-साडेअकराला कोकणच्या तळाशी असतो आणि वरंध्याचा चढ लागतो तो भर दुपारी. सह्याद्रीची ही भिंत पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे. सकाळी सूर्य डोंगराच्या पाठीमागे असतो, म्हणून कोकणाकडच्या उतारावर बराच वेळ सावली टिकते. दुपारनंतर तीच भिंत सरळ उन्हात येते आणि काळा कातळ तापून अंगावर वाफ सोडतो. अशा वेळी ताशी आठ-नऊ किलोमीटरने चढणाऱ्याला वारासुद्धा लागत नाही.

म्हणून ही फेरी भोरहून आणि उलट दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांविरुद्ध करावी. वरंधा सकाळी थंडीत उतरला जातो, कोकणातला सपाट तुकडा नऊ-साडेनऊपर्यंत संपतो आणि आंबेनळीचा खालचा, तापणारा भाग डोंगराच्या सावलीत मिळतो. ऊन चढेल तसे तुम्हीही चढत असता. तेराशे मीटर वर गेल्यावर हवा सात-आठ अंशांनी तरी उतरलेली असते.

दुसरा फायदा बोलण्यात फारसा येत नाही. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे या दिशेने गेलं की फेरीतली मोठी वळणं डावीकडे येतात. राजेवाडी फाट्यावर मुंबई-गोवा महामार्गाला लागताना डावीकडे आणि पोलादपूरला महामार्ग सोडताना पुन्हा डावीकडे. उलट बाजूने आलात तर दोन्ही ठिकाणी चौपदरी महामार्ग आडवा ओलांडायचा, तोही कंटेनरच्या रांगेतून. दोनशे किलोमीटरमधला सर्वांत धोक्याचा क्षण नुसती दिशा बदलून टळतो.

भोर ते वाघजाई

पहाटे पाचला निघा. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे पहिले दोन तास दिव्यावर काढायचे. पुढचा दिवा किमान ४०० ल्युमेनचा हवा आणि मागे दोन दिवे, त्यातला एक लुकलुकणारा. भोरच्या एसटी स्टँडच्या आसपास एवढ्या लवकर चहा मिळाला तर नशीब. खाणं आदल्या रात्रीच खिशात भरून ठेवा, कारण पुढच्या पंचेचाळीस किलोमीटरमध्ये सकाळी सातच्या आधी काही उघडं असेलच असं धरून चालू नका. हिरडोशीला दुकानं आहेत, पण ती गावाच्या वेळेने उघडतात.

या टप्प्याबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो की घाट सुरू होईपर्यंत सपाट आहे. नाही. नीरा-देवघरच्या बॅकवॉटरच्या कडेने रस्ता प्रत्येक ओढ्यापाशी खाली उतरतो आणि प्रत्येक सोंडेवर पुन्हा वर चढतो. एकेक चढ लहान, दोन-चार मिनिटांचा. त्यामुळेच माणूस तो मोठ्या गिअरवर उभा राहून ताकदीने मारतो. असे वीस-पंचवीस चढ मारले की मांड्यांमध्ये जे जमा होतं त्याचा हिशोब पोलादपूरला नाही, दुपारी आंबेनळीच्या वरच्या भागात, मेटतळ्याच्या आसपास चुकता करावा लागतो. इथे नियम साधा : प्रत्येक चढाला बसूनच, पुढची लहान चकती, आणि श्वास बोलता येईल इतकाच. सव्वादोन तासांत घाटमाथ्यावरच्या वाघजाईला पोचलात तर वेग योग्य आहे. पावणेदोन तासांत पोचलात तर चुकलात.

शिरगावपाशी नीरेचा उगम मानतात. पुढे घाटमाथा येतो आणि वाघजाईच्या मंदिरापाशी भज्यांच्या टपऱ्या. कांदाभजी खरोखर चांगली मिळतात. पुढे आधी उतार आणि मग सपाट रस्ता असल्याने एक प्लेट खाल्ली तर पोट तक्रार करत नाही. मात्र सकाळी सातला सगळ्या टपऱ्या चालू नसतात, आणि माकडं दिवसरात्र चालू असतात. सायकल टेकवून पाठ फिरवलीत की हँडलबारच्या पिशवीतली केळी गेलीच म्हणून समजा. चेन ओढून पिशवी उघडण्याचं कसब त्यांना चांगलं अवगत आहे.

वरंधा उतरताना

अंधारात उतरू नका. तांबडं फुटेपर्यंत वर थांबलात तरी चालेल. जाड जाकीट नको, वाऱ्याचं पातळ जाकीट आणि बोटं झाकणारे मोजे पुरेत. थंडीने बोटं बधिर झाली की ब्रेकवरच्या हाताचा अंदाज चुकतो.

घाट अरुंद आहे, आंधळी वळणं बरीच आहेत, आणि एसटी वळताना पूर्ण रस्ता घेते. ती तिची चूक नव्हे, तेवढ्या जागेत ती दुसरं कसं वळणार? वळणाआधी कान द्या, खालून येणारं इंजिन आधी ऐकू येतं. सायकलची घंटी इथे निरुपयोगी, सरळ ओरडा. वळणाच्या आतल्या बाजूला डोंगरातून घसरलेली खडी साचलेली असते, म्हणून आतली कड कापायची हौस इथे फिटत नाही. वेग वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना कमी करायचा, वळणात ब्रेक सोडायचे आणि बाहेरच्या पायावर वजन टाकायचं. उतारभर दोन्ही ब्रेक हलके ओढून धरणं ही सर्वांत घातक सवय.

का, त्याचा हिशोब पाहा. सायकल, माणूस आणि पाणी मिळून ८३ किलो धरले आणि साडेसहाशे मीटर खाली यायचं म्हटलं, तर साधारण ५३० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवायला हवी. एवढ्या उष्णतेत दीड लिटर पाणी उकळेल. वेग असेल तर त्यातला मोठा वाटा हवा खाते. ताशी पंधराने घसटत उतरलात तर जवळजवळ सगळा भार रिमवर किंवा डिस्कवर येतो. रिम तापली की आतली ट्यूब वाल्वच्या बुडाशी फाटते, डिस्कचे पॅड काचेसारखे गुळगुळीत होऊन कुई-कुई आवाज करू लागतात. दोन-तीन सेकंद घट्ट ब्रेक, मग पूर्ण मोकळे, पुन्हा घट्ट, असं करत उतरायचं. हात दुखू लागले तर रुंद जागा पाहून दोन मिनिटं थांबा आणि रिमजवळ हात नेऊन पाहा. चटका बसत असेल तर अजून थांबा. कार्बन रिमवर रबरी ब्रेक असलेली चाकं या फेरीला आणूच नयेत, अॅल्युमिनियमची आणा.

खाली माझेरी, वरंध, मग बिरवाडी. वाटेत शिवथरघळीचा फाटा लागतो. जागा सुंदर आहे, पण जाऊन-येऊन तास-दीड तास मोडतो आणि हाच तास पुढे आंबेनळीत लागणार आहे. घळीसाठी वेगळा दिवस काढा. बिरवाडीच्या आसपास महाडच्या औद्योगिक वसाहतीचे टँकर आणि कामगारांच्या बस असतात, सकाळी आठ-नऊला जास्तच. गावांतले गतिरोधक पांढरे पट्टे नसलेले असतात आणि झाडांच्या सावलीत दिसत नाहीत. घाट सुखरूप उतरलेले लोक इथे आडवे होतात.

महामार्ग

राजेवाडी फाट्यापासून पोलादपूरपर्यंत पंधरा किलोमीटरच्या आसपास. महाड शहरात शिरायची गरज नाही. रस्ता रुंद, कडेची पट्टी बऱ्यापैकी, दृश्य शून्य. डोकं खाली घालून पाऊण तासात उरकायचा तुकडा. उड्डाणपूल किंवा खोलगट मार्ग सुरू होण्याच्या आधीच सर्व्हिस रोडला लागा, नाहीतर पोलादपूर बाजूला राहील आणि तुम्ही कशेडीच्या दिशेने निघालेले असाल.

पोलादपूर हे या फेरीचं नाकं. दहाच्या आत इथून निघता येत असेल तर पुढे जा. अकरा वाजले असतील, डोकं दुखत असेल किंवा लघवी गडद पिवळी झाली असेल, तर इथेच थांबा. टेम्पो किंवा एसटी मिळण्याची ही शेवटची सोयीची जागा आहे. पुढे घाटात मध्येच दमलात तर वाहनाची वाट पाहत कठड्यावर बसावं लागतं, आणि कठडा सगळीकडे नाही.

इथे दोन्ही बाटल्या भरा, एखादी अर्ध्या लिटरची पाठीच्या खिशातही घ्या. वाडा कुंभरोशीपर्यंतच्या वीसेक किलोमीटरमध्ये भरवशाचं पाणी नाही. कोकम सरबत मिळालं तर मीठ घालून प्या. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. ते पाऊण लिटरच्या बाटलीत ओतून घट्ट करून प्यायलं की पोटात ढवळतं आणि दोष उन्हाला जातो. लिटरची सीलबंद बाटली विकत घेऊन तिच्यात पाकीट मिसळा आणि मग सायकलच्या बाटल्यांत वाटून घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

आंबेनळी

फेरीचा जीव इथे आहे. पोलादपूर समुद्रसपाटीपासून पन्नासेक मीटरवर, महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास, आणि मधलं अंतर चाळीस किलोमीटर. सरासरी काढली तर तीन-सव्वातीन टक्के निघते आणि माणूस निर्धास्त होतो. या सरासरीने बऱ्याच जणांना फसवलं आहे. पहिले काही किलोमीटर सावित्रीच्या खोऱ्यातून, कापडे बुद्रुकच्या पुढेपर्यंत जवळजवळ सपाट जातात. कुंभरोशीच्या आसपास पुन्हा थोडी उसंत आहे. ती वजा केली की उरतो तो पाच-सहा टक्क्यांचा लांबलचक, एकसारखा चढ, दोन हप्त्यांत.

हा रस्ता जुन्या कागदपत्रांत फिट्झगेराल्ड घाट म्हणून येतो. बैलगाड्या आणि टांगे चढवण्यासाठी आखलेले इंग्रजी काळातले घाट असेच असतात : भिंतीसारखा चढ टाळून वळणं वाढवलेली, चढाचा दर शक्य तितका सारखा. सायकलस्वारासाठी ही देणगी आहे. एकदा लय सापडली की गिअर बदलावाच लागत नाही. आळंदीच्या वाटेवरचा वारकरी जसा एकाच चालीने चालतो तसं चढायचं.

आकडे मांडायचे तर ८३ किलोच्या एकूण वजनाला सहा टक्क्यांच्या चढावर ताशी १० किलोमीटरचा वेग धरायला साधारण १५० वॅट लागतात. त्यातले १३५ नुसते गुरुत्वाकर्षणाशी झगडण्यात जातात, उरलेले टायरच्या घर्षणात आणि थोडे हवेत. दीडशे वॅट सतत धरता आले तर पोलादपूर ते महाबळेश्वर सव्वातीन ते साडेतीन तास. थांब्यांसह चार तास धरा. वजन दोन किलोने कमी करण्यासाठी महागडी सायकल घेण्यापेक्षा तिसरी भरलेली बाटली कुंभरोशीला पुन्हा भरायची आहे हे लक्षात ठेवणं जास्त उपयोगाचं.

गिअरबद्दल इथेच बोलू, कारण निर्णय इथेच लागतो. पुढे ५०/३४ दात्यांच्या चकत्या आणि मागे ११-३४ दात्यांच्या, ही या फेरीसाठी योग्य जोडी. ३४ ला ३४ म्हणजे पायाच्या एका फेरीला चाकाची एक फेरी. २८ मिमीच्या टायरवर मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी ७.७ किलोमीटर पडतो. मागे सर्वांत मोठी चकती २८ दात्यांची असेल तर त्याच ६० फेऱ्यांना ९.३ किलोमीटरने जावंच लागतं. सहा टक्क्यांवर फरक जाणवत नाही. दहा टक्क्यांच्या एखाद्या वळणावर मात्र पहिल्या जोडीला १८५ वॅट लागतात आणि दुसरीला २२० च्या वर. चौथ्या तासाला हे पस्तीस वॅट कुठून आणणार? मग केडन्स, म्हणजे पायाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या, ४५ वर येतो, गुडघ्याची वाटी कुरकुरू लागते आणि मांढरदेवला दिवस संपतो. ३४ ची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बसवताना एवढं पाहा की मागचा डिरेल्यर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) तेवढी चकती घेतो का आणि चेन पुरेशी लांब आहे का. आखूड चेनवर मोठी-मोठी चकती लागली की डिरेल्यर ताणून मोडतो. दुकानातून सायकल आणल्यावर हे स्टँडवर तपासा, घाटात नव्हे.

दाभिळच्या पुढची वळणं सावकाश घ्या, चढतानाही. २८ जुलै २०१८ ला याच घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून तीस जण गेले. २०२१ च्या जुलैतल्या पावसात हा रस्ता ठिकठिकाणी तुटला होता. दुरुस्त झालेला भाग नवीन डांबरामुळे ओळखू येतो. तिथे दरीकडची कड पक्की समजू नका.

वाडा कुंभरोशी म्हणजे प्रतापगडाचा फाटा. पर्यटकांमुळे पिठलं-भाकरीची हॉटेलं भरपूर आहेत. अर्धी भाकरी, ठेचा टाळून, आणि ताक. इथवर साधारण निम्मा चढ झालेला असतो. आणि एक गंमत : सकाळी नीरेचं खोरं सोडून तुम्ही सावित्रीच्या खोऱ्यात उतरलात, आता कोयनेच्या माथ्यावर आलात, आणि वर गेल्यावर कृष्णेचं खोरं दिसेल. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाचही नद्यांचा उगम मानतात. देवळात जाऊन हात जोडणारा जे एका जागी पाहतो, ते या फेरीत मांड्यांनी मोजावं लागतं.

कुंभरोशी ते महाबळेश्वर हा फेरीतला सर्वांत देखणा तुकडा. मेटतळ्याच्या वर झाडी दाट होते, जांभूळ-हिरड्याची सावली रस्त्यावर येते आणि तापमान उतरल्याचं आधी घामाला कळतं. सावलीत रस्ता ओलसर असू शकतो, त्यावर जांभ्याची लाल माती आली असेल तर उभं राहून पॅडल मारताना मागचं चाक सुटतं. बसूनच चढा.

महाबळेश्वर ते वाई

फारसं सांगण्यासारखं नाही. एकोणीस किलोमीटर पाचगणी, पुढे बारा वाई. वेण्णा तलावापासून गुरेघरपर्यंत शनिवारी-रविवारी, स्ट्रॉबेरीच्या हंगामात आणि सलग सुट्यांना गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. सायकलला वाट मिळते, पण गाडीचं दार कधी उघडेल आणि घोडा कधी आडवा येईल सांगता येत नाही. जेवण उरकून अडीचच्या सुमाराला महाबळेश्वर सोडा. क्रीमचा डोंगर घातलेली स्ट्रॉबेरी पुढच्या खेपेला.

पसरणी घाट उतरायला मोकळा, रस्ता रुंद, डावीकडे धोम धरणाच्या पाण्याचं दर्शन. वेग सहज पन्नासच्या पुढे जातो आणि नेमक्या त्याच वेळी समोरून येणारी गाडी दुसरीला ओलांडत असते. चाळीस पुरे. ऊसतोडणीच्या दिवसांत वाईच्या आसपास ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या असतात. दुसरी ट्रॉली वळताना आत कापते, तिच्या आणि कडेच्या मध्ये कधीही शिरू नका.

मांढरदेव

साडेतीन-चारला वाईत चहा. इथे स्वतःला खरं उत्तर द्या, कारण पुढे वीसेक किलोमीटरमध्ये सहाशे मीटरच्या आसपास चढ आहे आणि तो दीडशे किलोमीटरनंतरच्या पायांनी चढायचा आहे. पसरणीपेक्षा हा घाट जास्त उघडा, झाडी कमी. दुपार कलल्यामुळेच तो सुसह्य होतो. ताशी दहाचा वेग इथे कुणाचाच राहत नाही, आठ धरा.

महामार्गाने सुरूरवरून भोरला निसटावं हा विचार इथे हमखास येतो. करू नका. पुण्याकडे जाताना खंबाटकीचा बोगदा आणि मोठ्या ट्रकची गर्दी, दमलेल्या सायकलस्वाराची ती जागा नव्हे. चढ नको असेल तर वाईतच मुक्काम करा, फेरी तशीही १६० किलोमीटरची चांगली होते.

मंगळवार, शुक्रवार, रविवार, तसंच अमावास्या-पौर्णिमेला काळूबाईच्या दर्शनाची गर्दी असते. पौष पौर्णिमेच्या यात्रेच्या दिवसांत तर इकडे फिरकूच नये. म्हणजे दोन्हीकडची गर्दी टाळायची तर सोमवार, बुधवार किंवा गुरुवार. नोकरदाराला रजा टाकावी लागेल, पण ती सार्थकी लागते.

सायकल आणि सामान

टायर २८ मिमीचे, फ्रेममध्ये जागा असेल तर ३२ चे. सत्तर किलोच्या माणसाला २८ मिमीत ट्यूबसह मागे ८०, पुढे ७० पीएसआय पुरे. शंभर भरून आलात तर नीरा-देवघरच्या काठीच मनगटं बोलू लागतील. दोन ट्यूब, चार-पाच पॅच, टायर काढायचे दोन लिव्हर, पंप, चेनचा जोड आणि जुन्या टायरचा बोटभर तुकडा. टायर बाजूने चिरला तर हाच तुकडा आतून लावून घरी येता येतं. आणि एक पितळी अॅडॅप्टर, दहा-वीस रुपयांचा. रोड बाइकचा बारीक प्रेस्टा वाल्व महामार्गावरच्या पंक्चरवाल्याच्या नळीत बसत नाही. हवा समोर आहे, माणूस मदतीला तयार आहे, आणि तरी टायर सपाट, असा प्रसंग हा अॅडॅप्टर टाळतो.

ब्रेक पॅड निम्म्याहून जास्त झिजले असतील तर निघण्याआधी बदला आणि नवे पॅड घरच्या उतारावर वीस-पंचवीस वेळा ओढून बसवून घ्या. कोरे पॅड थेट वरंध्यात नेऊ नयेत.

खाण्याचा हिशोब तासाला साठ ग्रॅम कर्बोदकांचा : दोन मध्यम केळी आणि राजगिऱ्याची एक वडी. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. घड्याळ लावून दर अर्ध्या तासाला थोडं खा, विशेषतः महामार्गावर, कारण तिथे खायचं सुचत नाही आणि चढ सुरू झाल्यावर गिळवत नाही.

कधी

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य. ऑक्टोबरात कोकण उकडतं आणि पावसाने खाल्लेले रस्ते भरलेले नसतात. मार्चपासून खालचा टप्पा असह्य. पावसाळ्यात फोटो सुंदर येतात, पण महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, दरडी कोसळतात आणि वरंधा घाट अलीकडच्या वर्षांत जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने बंद ठेवला जातो. भोर-महाड रस्त्याचं रुंदीकरणही टप्प्याटप्प्याने चालत आलं आहे, त्यामुळे कोरड्या दिवसांतही खडीचा तुकडा किंवा अचानक बंद फाटक भेटू शकतं. नकाशाचं अॅप अशा वेळी रस्ता निळाच दाखवतं. आदल्या दिवशी भोर किंवा महाडच्या आगारात एवढंच विचारा, भोर-महाड एसटी वरंध्यातून जातेय का? जात असेल तर तुम्हीही जाल.

घाटमाथ्यावर मोबाइलची रेंज बेभरवशाची, म्हणून मार्ग आधीच उतरवून ठेवा आणि घरी दोन वेळा सांगून ठेवा : पोलादपूर कधी सुटणार आणि वाई कधी गाठणार.

२०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल-फेरीला, साडेतेरा तास मिळतात. पहाटे पाचला निघालेला, थांब्यांवर न रेंगाळणारा माणूस ही फेरी तेवढ्यातच, किंवा वर वीस-पंचवीस मिनिटांत पुरी करतो. डिसेंबरात मांढरदेवच्या माथ्यावर येईपर्यंत सूर्य टेकलेला असतो. आंबाडखिंडीचा उतार अरुंद आहे, वळणं एकावर एक आहेत, आणि आंबाड्याच्या अलीकडे त्याच वेळी गुरं घरी परतत असतात. काळ्या म्हशी, काळा रस्ता. पुढच्या दिव्याची बॅटरी पहाटेच्या दोन तासांत निम्मी संपलेली असते, तेव्हा वाईत चहा पिताना ती पॉवर बँकला लावायला विसरू नका.